कापसानं पाडलेला पोचा

आमच्या ह्यांचं नाव यज्ञेश्वर. नवऱ्याचं नाव उखाण्यातच घ्यावं असं माझ्या सासूबाईंचं म्हणणं होतं. पण यज्ञेश्वरला जुळेल असा शब्द मला लग्नात सापडला नाही आणि नंतर शोधायला वेळ मिळाला नाही. म्हणून इथे एकदाच लिहून टाकते. पुढे आपलं 'हे'.

हे यवतमाळला बांधकाम खात्यात हेडक्लार्क होते. खात्यानं पूल बांधले, रस्ते केले, विश्रामगृहं उभी केली, आणि ह्यांनी जन्मभर त्यांच्या फायली एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर सरकवल्या. त्यामुळेच की काय, निवृत्त झाल्या झाल्या ह्यांना स्वतःच्या हातानं काहीतरी करायची हुक्की आली. 'घरचं काम घरीच' हे त्यांचं ब्रीद झालं. पेपरात, मासिकात कुठं घरगुती युक्ती छापून आली की कात्री चालवून ती जपून ठेवायची. ह्यांनी नळ दुरुस्त केला, तेव्हापासून तो बंद करायला पकड लागते. इस्त्री दुरुस्त केली, ती आता फक्त रुमालापुरती तापते. घड्याळाचं तर बोलायलाच नको. घरात एखादी वस्तू बिघडली की मी आधी ती लपवते आणि मग ह्यांना चहा देते.

आमच्या भिंतीला भिंत लागून मोहिउद्दीनभाईंचं घर. भाई म्हणजे गावातले नावाजलेले डेंटर. कुणाच्या गाडीला पोचा पडला, दार चेपलं, की गाडी त्यांच्या दुकानात. डोळे मिटून पत्र्यावरून तळहात फिरवायचे आणि मग हातोडी उचलायचे. लोहाऱ्याच्या एमआयडीसीजवळ दुकान टाकलेला शहजाद त्यांचाच शागिर्द, कळंबच्या नाक्यावरचा फैज त्यांचाच. ह्यांची आणि भाईंची दोस्ती फार जुनी. संध्याकाळी आमच्या ओट्यावर दोघं चहा पीत बसत. भाई मोजकं बोलत आणि हे उरलेलं सगळं बोलत.

भाईंची बायको शमसुन्निसाभाभी. पोरींची लग्नं होऊन घर रिकामं झालेलं, पण अंगणात बायकांची वर्दळ कायम, कारण भाभी लोटा लावायची. कुणाची बेंबी सरकली, पोटात मुरडा उठला, की बाईला चटईवर उताणं निजवायचं, पोटावर कणकेचा दिवा पेटवून ठेवायचा आणि त्यावर पितळी लोटा उपडा घालायचा. आत दिवा विझतो आणि लोटा पोट असं काही धरतो की सोडवता सोडवत नाही. सिझेरियन झालेल्या सुना सोडल्या, तर गल्लीतल्या सगळ्या पोटांवर भाभीचा लोटा बसून गेलेला आहे. माझ्याही.

या नवराबायकोची भांडणं आम्हाला भिंतीतून ऐकू यायची. कान लावावा लागत नसे. भाभीचं तोंड चांगलं तिखट, भाई मवाळ, त्यामुळे डाव नेहमी भाभीच्याच बाजूला झुकायचा. ती अगदी जिंकत आली की भाई थंड आवाजात म्हणायचे, "चाल शेडमध्ये, दाखवतो." शेडची कडी वाजायची. मग भाभीचा आवाज यायचा बंद.

एकदा न राहवून मी तिला विचारलं, "भाभी, खरं सांगा, मारतात का तुम्हाला?"

ती हसत सुटली. "ते अन् मारतीन? रस्त्यात मुंगी दिसली तं गाडी बाजूनं घेते ते, वहिनी."

"मग शेडमध्ये आहे तरी काय?"

"गाडी हाय ना," ती म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

गाडी म्हणजे भाईंची पांढरी फियाट. ती शेडमध्ये भाभीनंच शिवलेल्या गोधडीखाली झाकलेली असे. निघायची ती ईदला, नाहीतर कुणाला दवाखान्यात न्यायचं असेल तर. मी ती पाहिली ती नेहमी जाताना, म्हणजे मागूनच. हे ईदच्या दिवशी पाहत ते शीरखुर्म्याची वाटी. भाभी मात्र त्या गाडीत बसलेली कुणी कधी पाहिली नाही. बाजारात जायला तिला रिक्षा आणि राळेगावला माहेरी जायला एसटी. विचारलं की म्हणायची, "मले गाडीत मळमळते." एसटीत काही होत नसे.

ही गोष्ट घडली ती कापसाच्या त्या वाईट वर्षांत, दोन हजार पाच-सहाच्या हिवाळ्यात. कापसाला भाव नव्हता, खरेदी केंद्रं आज उघडतील, उद्या उघडतील म्हणत लोकांनी घरं कापसानं भरून ठेवली होती. भाभीच्या भावाच्या घरी, राळेगावला, माणसं अंगणात झोपत आणि कापूस पलंगावर. दिल्ली-मुंबईची पाहणी पथकं गाड्या भरभरून येत आणि कापूस बघून जात. त्यांच्या गाड्यांना पोचे पडत नसत आणि इथल्या गाड्यांना पडले तरी कुणी काढत नसे. पीकच पोचट निघालेलं, तिथे गाडीचा पोचा कोण बघतो? भाईंच्या दुकानात दुपारी मांजर झोपायला लागलं. तेव्हा भाई म्हणाले, एवी तेवी हात रिकामा आहे, तर चाळीस दिवस जमातीबरोबर धर्माच्या कामाला जाऊन येतो.

जायच्या दिवशी त्यांनी फियाटची किल्ली ह्यांच्या हातात ठेवली. "भाऊ, रोज सकाळी चालू करजा, जरा वेळ घुर्र घुर्र होऊ देजा अन् बंद करजा. नाहीतं बॅटरी मरते. फक्त चालवू नका."

"शब्द दिला भाई," हे म्हणाले.

ह्यांनी तोवर जन्मात कुणाला दिलेला शब्द मोडला नव्हता, हे मी बायको असूनही कबूल करते. ऑफिसात लोक ह्यांना हसत ते त्यासाठीच. रोज सकाळी आंघोळ करून हे शेडमध्ये जात, ड्रायव्हरच्या दाराकडची गोधडी तेवढी वर सारत, आत बसत, घुर्र घुर्र करत आणि गोधडी परत सारखी करून येत. आठवडाभरात घुर्र घुर्र जरा जास्त वेळ चालायला लागलं. मग एक दिवस गाडी शेडमध्येच वीतभर पुढे आणि वीतभर मागे करून झाली. "चाकं एका जागी दबतात," असं मला सांगण्यात आलं.

संकष्टीला आम्ही कळंबला चिंतामणीच्या दर्शनाला जातो. त्या दिवशी एसटीचा पत्ता नव्हता. स्टँडवर उभं राहून माझे पाय दुखले, तेव्हा हे एकदम म्हणाले, "थांब इथं." आणि थोड्या वेळानं फियाट घेऊन आले. अख्खी गोधडी काढून, घडी करून मागच्या सीटवर ठेवलेली.

"अहो, शब्द?" मी म्हटलं.

"देवाचं काम आहे," हे म्हणाले. देवावर ढकललं की ह्यांना काहीही चालतं.

कळंबच्या रस्त्यावर जिनिंग मिलसमोर कापसाच्या बैलबंड्यांची लांबच लांब रांग होती. एकेका बंडीवर दोन माणसं उंच कापूस. हे जपून, अगदी गोगलगाईसारखे बाजूनं निघाले. तेवढ्यात एका बंडीचा दोर सुटला आणि वरचं भलंमोठं गाठोडं गडगडत येऊन बोनटवर पडलं. धप्प. काचेसमोर सगळं पांढरं झालं.

बंडीवाला धावत आला, गाठोडं उचललं. "काई झालं तं नाई ना जी?"

हे खाली उतरले. बोनटकडे पाहिलं आणि जागच्या जागी थिजले. बोनटच्या मधोमध, परातीएवढा गोल, उथळ पोचा.

"कापूसच हाय ना जी, गोटा थोडी हाय," बंडीवाला म्हणाला. मला त्याचं म्हणणं पटत होतं. पण पोचा तर डोळ्यांसमोर होता. मी ह्यांना परत गाडीत बसवलं.

कळंबला पोचल्यावर देवळात जायच्या आधी गाडी नाक्यावर फैजच्या दुकानासमोर उभी राहिली. ह्यांचा बेत सरळ होता. काम गुपचूप करून घ्यायचं आणि फैजला गळ घालायची. फैज हात पुसत बाहेर आला आणि गाडी बघून त्यानं सलामच ठोकला.

"अरे, उस्तादची गाडी! चाचा, उस्ताद आले काय?"

"नाही रे, आम्ही दर्शनाले आलतो," हे म्हणाले. "म्हटलं, जरा तुले हे बोनट..."

फैजनं बोनटकडे पाहिलं आणि गालातल्या गालात हसून हात मागे घेतले. "या बोनटले आम्ही हात नाही लावत, चाचा. उस्तादनं आम्हा सगळ्याईले कसम घातली हाय."

हे पांढरेफटक पडले. ज्या बोनटला बोट लावायची शागिर्दांनाही मनाई, त्याच्यावर आपण परातीएवढा खड्डा पाडला! आता गावात जाणार कुणाकडे? सगळे डेंटर भाईंचे चेले, सगळे कसम खाल्लेले. चिंतामणीचं देऊळ जमिनीच्या खाली आहे, पायऱ्या उतरून जावं लागतं. हे त्या दिवशी उतरले ते लवकर वर आलेच नाहीत. मी बाहेर चपला सांभाळत बसले. देवाला चिंता सांगितली की पुरते, पण ह्यांनी ती हेडक्लार्कच्या सवयीनं सविस्तर मांडली असणार.

येताना हे एवढंच म्हणाले, "भाई भांडले तर बरं होईल गं. पण ते भांडणार नाहीत. किल्ली मागून घेतील, आणि ओट्यावर यायचं हळूहळू बंद करतील." मला हसू येत होतं ते मी आवरलं. ह्या माणसाला दोस्त म्हणावा असा एकच होता, आणि तो चाळीस दिवस भरले की परत यायचा होता.

भाभी दारातच होती. हे खाली मान घालून उभे राहिले आणि बोनट दाखवलं. भाभीनं चष्मा काढला, पुसला, परत लावला. मग ओढणीचा पदर तोंडावर घेऊन तिनं भिंतीकडे तोंड केलं. तिचे खांदे हलत होते. मला वाटलं, रडतेय.

"हाय अल्ला," ती जरा वेळानं म्हणाली. "भाऊ, हे काय करून ठेवलं तुम्ही."

"कापूस पडला भाभी. पण कापसानं पोचा कसा पडला, हेच समजून नाही राह्यलं."

भाभीनं विचार केला. "पाणी मारलेला असन. आजकाल वजन वाढवाले लोकं पाणी मारते ना. ओला कापूस लई जड, भाऊ. गोट्यावाणी."

ह्यांना ते एकदम पटलं. "तेच! तेच म्हणतो मी!"

"शहजादला बोलवायचं का?" मी विचारलं.

"नोको, नोको," भाभी घाईघाईनं म्हणाली. "तो उस्तादचा चमचा हाय. सकाळी सांगन अन् संध्याकाळी गावभर होईन. घरीच काढा ना, भाऊ. तुमचा हात चांगला हाय."

ह्यांचा हात चांगला आहे, असं आजवर ह्यांच्या आईनंही म्हटलेलं नव्हतं. हे ताठ झाले. घरी येऊन ट्रंकेतली कात्रणं काढली, आणि त्यांत खरोखरच एक सापडलं: 'मोटारीचे लहान पोचे घरच्या घरी काढा'.

पहिला उपाय, उकळतं पाणी आणि मोरी साफ करायचा रबरी पंप. मी आणि भाभीनं गंजभर पाणी उकळलं, ह्यांनी ते पोच्यावर ओतलं, पंपाची वाटी ओली करून मधोमध दाबली आणि जोर लावला. पोचा हलला नाही. पंपही हलला नाही. तो चिकटला तो चिकटलाच. हे ओढत, मी ह्यांना ओढत, भाभी मला ओढत, असे आम्ही तिघं म्हातारे शेडमध्ये खेळ करत होतो. शेवटी पंप सुटला तेव्हा हे भाभीच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर बसले होते. त्या दिवशी कोंबड्यांनी अंडी दिली नाहीत.

दुसरा उपाय, आधी पत्रा तापवायचा आणि मग एकदम बर्फ. म्हणजे पत्रा आक्रसून पोचा आपोआप वर येतो, असं कात्रण म्हणत होतं. भाभीच्या मुलीचं, मुस्कानचं, केस वाळवायचं मशीन कपाटात पडून होतं. ते लावून ह्यांनी बोनट चांगलं तापवलं. बर्फ आणला बाबुलाल गोळेवाल्याकडून. थंडीच्या दिवसांत कुणी लादी घेतोय म्हटल्यावर बाबुलाल स्वतःच मागोमाग बघायला आला. बर्फ फिरवला, पत्रा कुरकुरला, पोचा जरासा थरथरला असं ह्यांना वाटलं. मला तसं काही दिसलं नाही. संध्याकाळपर्यंत गल्लीत झालं, "यज्ञेश्वरभाऊच्या गाडीले ताप आला. बर्फाच्या पट्ट्या ठेवून राह्यले."

तिसरा उपाय कात्रणात नव्हता, तो ह्यांच्या स्वतःच्या डोक्यातला. बोनट उघडून आतून ठोकायचं. मी माझं लाटणं द्यायला नाही म्हटलं, तर भाभीनं आपलं दिलं. ह्यांनी त्याला चिंधी गुंडाळली आणि आतून एक दणका दिला. वरून बघणारी मी ओरडले. पोचा होता तिथेच होता, पण त्याच्या काठावर, वरच्या बाजूनं, बोराएवढं टेंगूळ आलं होतं. चिंधी सुटली होती, हे ह्यांनी पाहिलंच नव्हतं.

हे मटकन खाली बसले. आधी खड्डा होता, आता खड्डा आणि डोंगर दोन्ही. भाई यायला फार दिवस उरले नव्हते. ह्यांना जेवण गोड लागेना. संध्याकाळी ओट्यावर चहा घेऊन बसत आणि भाईंच्या रिकाम्या जागेकडे बघत. मला त्या माणसाची दया आली. आणि भाभीचं मात्र मला काही समजत नव्हतं. नवऱ्याची गाडी अशी चेपलेली, आणि बाई पाणी तापवताना गुणगुणत होती.

टेंगूळ तिनंही पाहिलं होतं. तळहात फिरवून ती म्हणाली, "एवढंसं तं राहू द्या, भाऊ. मोठं काम राह्यलं." मग बोनटवर वाकून पोच्याकडे तिनं अशी नजर लावली, जशी बाईच्या पोटाकडे लावते. "वहिनी, हे पोट नाही तं काय? बेंबी सरकली हाय याची."

मी तिच्याकडे बघत राहिले. "भाभी, काहीतरीच."

"लोटा आणा."

बोनट जरासं वर उचलून काठीवर टेकवलं. भाभीनं कणीक मळली, पोच्याच्या मधोमध कणकेचा दिवा ठेवला, वात पेटवली. लोट्याच्या काठाला कणकेचं जाड कडं लावलं, म्हणजे हवा आत जायला नको. बिस्मिल्ला म्हणून लोटा दिव्यावर उपडा घातला आणि कडं बोटांनी घट्ट दाबून बसवलं. ह्यांना सांगितलं, आतून हाताचा तळवा लावून हळूहळू वर दाबा, लाटणं नको. मी लोट्याच्या बाजूबाजूनं गरम पाण्याची पिशवी धरली. जरा वेळ काही झालं नाही. भाभी लोट्यावर कान ठेवून बसली होती, पोटावर ठेवते तशीच.

"धरला," ती म्हणाली. "भाऊ, दाबा." आणि लोटा दोन्ही हातांनी धरून तिनं वर खेचला.

टण्ण.

फियाट जणू खोकली. लोटा भाभीच्या हातात आला, दिवा घरंगळला आणि बोनट सपाट झालं. अगदी सपाट. फक्त काठावर बोराएवढं टेंगूळ. हे आतून डोकं बाहेर काढून नुसते बघत राहिले, चेहऱ्यावर काजळी, डोळ्यांत पाणी. "जमलं," ते म्हणाले. "आपल्याला जमलं."

भाभीनं पोचा होता तिथे डोळे मिटून तळहात फिरवला. परत फिरवला. तिचेही डोळे भरलेले होते.

"भाभी?" मी म्हटलं.

"धुरानं," ती म्हणाली.

टेंगळावर ह्यांनी पांढरं पॉलिश घासलं, गोधडी नीट घातली आणि दुसऱ्या दिवसापासून परत घुर्र घुर्र सुरू केलं. शेडमध्येच, जागच्या जागी.

भाई आले. दाढीला मेंदी लावलेली, चेहऱ्यावर तेज, ह्यांच्यासाठी अत्तराची बाटली आणि खजूर. चहा झाला, गप्पा झाल्या. मग भाई म्हणाले, "चला, गाडी पाहू." हे त्यांच्यामागून एक पाऊल अंतर ठेवून गेले. मीही गेले. भाभी शेडच्या दारात उभी राहिली.

भाईंनी गोधडी काढली. सवयीनं डोळे मिटले आणि तळहात बोनटवरून फिरवला. मधोमध येऊन हात थांबला. मागे गेला, पुढे आला, परत थांबला. भाईंनी डोळे उघडले.

"भाऊ," ते म्हणाले, "पोचा कुठं गेला?"

ह्यांनी ते अर्धंच ऐकलं. एका दमात सगळं ओकून टाकलं. शब्द मोडला, संकष्टी होती, एसटी नव्हती, गाडी चालवली, जिनिंगसमोर कापूस पडला, पाणी मारलेला होता, पोचा पडला, माफ करा भाई, पण आम्ही तो काढला.

"कापसानं पोचा पडला?" भाईंनी विचारलं.

"ओल्या कापसानं."

भाईंनी मान वळवून भाभीकडे पाहिलं. भाभी ओढणीच्या टोकाला गाठ मारत होती.

"गाडी चालवली ते तं फैजनं त्याच दिवशी फोनवर सांगतलं होतं," भाई ह्यांना म्हणाले. "म्हटलं, चला, भाऊले हिंमत तं आली. त्याचं काई नाही. पण हा पोचा कापसाचा नव्हता, भाऊ. हा हिचा होता."

"हिचा म्हणजे?" मी विचारलं.

"गाडी नवीनच घेतलती. हिच्या भावाचं लगन होतं राळेगावले. मी म्हटलं, रस्ता खराब हाय, गाडीले ओरखडे पडतीन, तू एसटीनं जा. तं ही शादीचा जोडा घालून आली अन् बोनटवर बसली. म्हणे, नेत नाही तोवर उठत नाही. बसली ते बसलीच. मी कितीक गाड्या सरळ केल्या वहिनी, पण हा पोचा मुद्दाम ठेवला. कोणाले हात नाही लावू दिला. भांडणात ही जिंकाले लागली का आणतो इथं अन् दाखवतो, पाह्य, हे तू केलं."

माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत गेला. 'चाल शेडमध्ये'. पदराआड हलणारे खांदे. पाणी मारलेला कापूस. तुमचा हात चांगला हाय, भाऊ. आणि संकष्टीच्या घाईत गोधडी निघाली तेव्हा बोनटकडे ना ह्यांनी पाहिलं होतं, ना मी. मी भाभीकडे पाहिलं आणि मला हसू फुटलं ते थांबेना. ह्यांना अजून काही समजलं नव्हतं. ते बोटांवर हिशेब लावत होते की मग कापसाचा पोचा कुठे गेला.

"म्हणजे मी पाडलाच नव्हता?" शेवटी हे म्हणाले.

"नाही," भाई म्हणाले. "पण काढला तं तुम्ही." मग ते भाभीकडे वळले. आवाज कडक होता, पण मिशीत काहीतरी हलत होतं. "आता भांडणात मी काय दाखवू? बस पुन्हा. होता तसा करून दे."

भाभीनं ओढणीची गाठ सोडली. "बसते ना," ती म्हणाली. "पण बोनटवर नाही. समोरच्या सीटवर. राळेगावले चला."

भाई बोनटकडे बघत होते. रस्ता अजूनही खराबच होता. तो काही कापसाच्या भावासारखा रोज बदलत नाही. मग भाईंनी ह्यांच्यापुढे हात केला. ह्यांनी खिशातून किल्ली काढून दिली. भाईंनी समोरचं दार उघडलं आणि उघडं धरून उभे राहिले.

भाभी बसली. तिला मळमळलं नाही. गाडी गल्लीतून निघाली तेव्हा भाभीला तिच्यात बसलेली मी पहिल्यांदा पाहिली. संध्याकाळी दोघं परत आली ती अंग खाजवत, कारण भावाच्या घरात अजून कापूसच होता आणि पाहुण्यांना त्याच्यावरच बसवलं होतं.

आता भिंतीतून भांडणं येतात, पण भाभी जिंकते. शेडची कडी वाजत नाही. भाई ओट्यावर येतात, चहा घेतात, मोजकं बोलतात. हे पोच्याची गोष्ट गावभर सांगतात आणि त्यात लोटा हळूहळू लहान होत चालला आहे. परवा नवीन कात्रण काढून भाईंना समजावत होते की कुलर, पंप, गाडी, सगळं घरच्या घरी दुरुस्त होतं, फक्त हात चांगला पाहिजे.

भाईंनी कप खाली ठेवला आणि थंड आवाजात म्हणाले, "चला शेडमध्ये, भाऊ. दाखवतो."

बोराएवढं ते टेंगूळ भाईंनी ठेवलं आहे. त्याला हात लावायचा नाही, अशी शागिर्दांना कसम घातली आहे. ह्यांनी कात्रणाची घडी केली आणि चहा प्यायला लागले.